त्र्यंबककाकांचा परवाना

त्र्यंबककाका लासूरकर रोज सकाळी कण्हेरीसमोर उभे राहून हजेरी घ्यायचे. अळ्यांची.

मी काही पदरचं सांगत नाही. औरंगपुऱ्यात, भाजीमंडईच्या मागच्या गल्लीत आम्ही शेजारी शेजारी राहत होतो. मध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीच्या अलीकडं माझी तुळस. तुळशीला पाणी घालताना रोज पलीकडून ऐकू यायचं, "बडे मियां?" मग थोडं थांबून स्वतःच, "हाजिर. मंझले? हाजिर. छोटे? ...छोटे कुठं गायब? बगैर इत्तला गैरहाजिर? हे बरं नाही, बेटे." मग चष्मा कपाळावर चढवून पानं उलटीपालटी करायचे, आणि छोटे सापडले की असे खूश व्हायचे, जसं काही घरातलं कुणी मॅट्रिक पास झालंय.

ज्यांनी ती अळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढी जाड, पोपटी रंगाची. शेपटीवर एक शिंग. शिंग मागच्या बाजूला, हे देवाला कुणी सुचवलं कोण जाणे! आणि मानेवर दोन निळे डोळे. आपण जरा जवळ गेलो की डोकं आत ओढून घेते आणि ते डोळे वटारते. उन्हाळ्याच्या शेवटाला मी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या, तेव्हा त्यांच्यातली एक भिंत ओलांडून थेट माझ्या कुरडयांवर आली. मी जी किंचाळले ती मंडईपर्यंत ऐकू गेली असणार. काका धोतर सावरत भिंतीपाशी आले.

"सूनबाई, आमचा एक बेटा तुमच्याकडं आलाय काय?"

"बेटा? अहो काका, डोळे बघा त्याचे!"

"डोळे नाहीत ते. नुसता रुबाब आहे. आतून लई गरीब." त्यांनी अळीला पानावर अलगद उचलून घेतलं आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्यासारखंच."

माझ्या रागाची ख्याती गल्लीत होती, ती आहेच. पण ह्या माणसावर रागावता यायचं नाही, हीच तर पंचाईत.

काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. कपाळाला गंध, गळ्यात जानवं, एकादशीला उपास, सगळं जिथल्या तिथं. पण शाळा झाली निजामाच्या राज्यात, अलिफपासून शेवटपर्यंत उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि पुढं कचेरीची जबान मराठी झाली. चाळिशीला टेकलेले काका बाराखडी गिरवायला बसले. "सूनबाई, काना उजवीकडं द्यायचा का डावीकडं हे ध्यानात येईपर्यंत आमचे दोन साहेब बदलले," असं ते सांगायचे. पेन्शन घ्यायच्या वयातसुद्धा मराठी पेपर ते शेवटच्या पानापासून उघडत, आणि एकेक अक्षर असं जपून वाचत, जणू पुढच्या अक्षराला ठेच लागेल. गणपतीत आरती म्हणायला उभे राहिले की शेरवानीच्या खिशातून एक कागद निघायचा, आरती उर्दू अक्षरात उतरवलेली. एकदा गल्लीत नवीन आलेले एक बिऱ्हाडकरू त्या कागदाकडं बघून असे गांगरले की त्यांनी टाळ्या वाजवायच्या बंद केल्या. काका डोळे मिटून उजवीकडून डावीकडं गणपतीला आळवत होते आणि गणपतीची काही तक्रार दिसत नव्हती.

आता त्या अळीचं पुढं जे होतं, ते म्हणजे काकांचा परवाना. कण्हेरीची पानं खाऊन खाऊन अळी फुगते, मग तपकिरी पडते, मग खाली उतरून पाचोळ्यात कोष करते. त्यातून जो निघतो तो पतंग मी तरी तोपर्यंत पाहिला नव्हता. पंख हिरवे, त्यावर गुलाबी आणि पांढरट वळणं. आपल्याकडच्या हिमरूच्या शालीचा तुकडाच जणू उडत आलाय. फुलावर बसत नाही, समोर हवेत उभा राहतो, सोंड लांब करतो आणि पंख असे चालवतो की नुसतं भर्रर्र ऐकू येतं.

आमचे हे हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायचे. त्यांनी एकदा भिंतीवरून सहज म्हटलं, "काका, सुंदर पतंग आहे."

"पतंग?" काका दुखावले. "मास्तर, पतंग कागदाचा असतो. त्याला दोरी बांधून लोक काटाकाटी करतात. हा परवाना आहे. शमा आणि परवाना ऐकलं नाही का कधी?"

"मराठीत परवाना म्हणजे लायसन्स हो."

"ते मला सांगता? उभी नोकरी परवाना शाखेत गेली माझी."

ही खरी गोष्ट होती. काका कचेरीत परवाना शाखेत कारकून होते आणि घरी परवान्यांचे मालक झाले होते. दोन्हींचा त्यांनी मेळसुद्धा घातला होता. अंडी म्हणजे दरख्वास्त आली. अळी म्हणजे चौकशी चालू आहे. कोष म्हणजे अर्ज विचाराधीन. त्या काळात कुणी अंगण झाडायचं नाही, कोषाच्या जागेवर काका एक जुना पाट उभा करून ठेवत. आणि एके दिवशी पाटामागून पंख वाळवत तो बाहेर आला की काका भिंतीवरून ओरडत, "सूनबाई! परवाना मंजूर!"

ह्यांनी त्यांना पुस्तकातली माहितीही दिली. हे कूळ मूळचं गरम, दमट, घनदाट जंगलातलं, तिकडं याचे भाऊबंद खूप. आपल्या ह्या कोरड्या गावात ते कण्हेरीच्या आणि तगरीच्या आधारानं राहतं.

काका विचारात पडले. "म्हणजे बदली झालीय बिचाऱ्याची," ते म्हणाले. "आणि इथली जबानही येत नसणार."

आणखी एक वाद कधीच मिटला नाही. काकांचं म्हणणं, दर पावसाळ्यात येतो तो एकच परवाना. ह्यांचं म्हणणं, पतंग थोडे दिवस जगतो, दर वेळी येणारा वेगळा असतो. "असंल तुमच्या पुस्तकात," काका म्हणत. "मला ओळखतो तो."

मंडईत काकांचं नाव पडलं परवानेवाले काका. आणि त्यातूनच ती वैजापूरच्या पाहुण्याची भानगड झाली.

मी अंगणात तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडं एक दणकट गृहस्थ आले. पांढरी टोपी, भरघोस मिशा, आवाज मात्र मऊ केलेला.

"रामराम. परवान्याचं काम हितंच होतं नव्हं?"

काका उजळले. "या, या! तशरीफ ठेवा. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मंडईत इचारलं. भाजीवालीनं घर दावलं. म्हनली, परवान्यासाठी काकाला भेटा, त्येंच्याशिवाय कुनी न्हाय."

"शौक आहे वाटतं?"

"शौक कसला जी? नड हाय."

"वा!" काका म्हणाले. "नड म्हणणारा माणूस आज पहिला भेटला. पण आता दिवसा नाही जमायचं. दिवसा झोपतो तो."

पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "मंग कवा गाठ पडंल?"

"दिवेलागणीला. येतो, जरा थांबतो, आपलं काम करतो, निघून जातो."

पाहुण्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज आणखी उतरवला. "घेतो का?"

"घेतो ना! फक्त गोड घेतो. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही."

"लई घेतो?"

"छे छे. थेंबभर. फार शरीफ आहे. फक्त एक करा, सरळ हात लावायला जाऊ नका. रंग उतरतो त्याचा."

"न्हाय न्हाय," पाहुणे घाईघाईनं म्हणाले. "म्या कशाला हात लावतो? सगळं तुमच्या हातूनच करू."

माझ्या सुपातले तांदूळ हलायला लागले होते. पदर तोंडात कोंबून मी आत पळाले. पण संध्याकाळी भिंतीपाशी तुळशीला दिवा लावायला इतका वेळ लावला की तेवढ्यात तुळशीचं लग्न लागलं असतं. पाहुणे धुतलेले कपडे घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. काका शेरवानी, काळी टोपी घालून बसलेले. पाहुण्यांना वाटलं, मोठे साहेब येणार म्हणून हा थाट. दोघंही फाटकाकडं तोंड करून... नाही, पाहुणे फाटकाकडं, काका फुललेल्या गुलबक्षीकडं.

भर्रर्र झालं.

"मुलाहिजा फर्मावा!" काका पुटपुटले. "हा परवाना!"

"कुठंयत साहेब?" पाहुणे पुडा सावरत उभे राहिले.

"हा काय! तुमच्या नाकासमोर!"

पाहुण्यांनी पतंगाकडं बघितलं. काकांकडं बघितलं. मग पेढ्यांकडं. "आन माझं रॉकेलचं दुकान?"

मग सगळा उलगडा झाला. लासूर स्टेशनला त्यांना रॉकेलचं दुकान टाकायचं होतं आणि त्याचा परवाना हवा होता. मी तर भिंतीला धरून खालीच बसले. पाहुणे चिडतील असं वाटलं होतं, पण माणूस दिलदार निघाला. पुडा सोडून एक पेढा काकांना दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि गुलबक्षीसमोर उकिडवा बसला. "काका," थोड्या वेळानं म्हणाला, "हापिसातल्या परवान्यापरीस ह्योच बरा. टायमाला येतो तरी." दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना कचेरीत नेऊन बरोबर टेबलासमोर उभं केलं, ते वेगळं.

ह्या सगळ्यात मला एकच गोष्ट कळायची नाही. एवढी शेरवानी घालून, खुर्ची टाकून परवान्याची वाट बघणारा माणूस, परवाना आला की त्याच्याकडं धड बघायचाच नाही. मान खाली, कान मागच्या खिडकीकडं. गुलबक्षीही लावलेली नेमकी त्या खिडकीखाली.

ती खिडकी सुभद्राकाकूंची.

काकूंबद्दल मी अजून बोलले नाही, कारण बोलायला गेलं की हसू थांबतं. मी लग्न होऊन ह्या गल्लीत आले तेव्हा पहिला आवाज ऐकला तो काकूंचा. खणखणीत. भिंतीला भिंत असल्यानं मला त्यांच्या घरातलं सगळं कळायचं, कुणावर रागावल्यात, भाजी काय आहे, मीठ कमी पडलं का. संध्याकाळी कोपऱ्यावर काकांच्या सायकलची घंटी वाजली की पलीकडून एकच शब्द यायचा, "आले!" आणि लगेच स्टोला पंप मारल्याचा आवाज. काकूंनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नसेल. त्या 'आले'मध्ये सगळं यायचं, उशीर झाल्याचा राग, पाणी तापल्याची वर्दी, आणि दिवस संपल्याचं समाधान. त्या 'आले'वर मीही माझा चहा टाकायचे.

नवराबायकोत एक अडचण मात्र होती, आणि ती आपल्याच मुलखात होऊ शकते. काकूंना मराठी वाचता यायचं, घरी पोथ्या वाचून शिकलेल्या. काकांना उर्दू. काकांची बदली परभणीला झाली होती तेव्हा त्यांचं पत्र आलं की काकू मौलवीसाहेबांकडून वाचून घ्यायच्या, आणि काकूंचं पत्र तिकडं कुणी मास्तर काकांना वाचून दाखवायचे. परक्या माणसाच्या तोंडून काय ऐकायचं? दोघंही 'सर्व खुशाल' एवढंच कळवून गप्प. "आमचं जे काय होतं ते तोंडीच," काकू हसून सांगायच्या.

आणि काका रिटायर झाले त्याच वर्षी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, सापडले तर सापडतील. काकूंनी एकदा डाव्या हातानं पाटीवर काहीतरी लिहिलं. काका ती पाटी हातात धरून केवढा तरी वेळ बसले. छापील अक्षर ज्यांना जेमतेम लागायचं, त्यांना ते थरथरतं अक्षर काय लागणार? मी वाचून द्यायला पुढं झाले, तर काकूंनीच पदरानं पुसून टाकलं.

तर एका संध्याकाळी मी काकूंसाठी मऊ खिचडी घेऊन गेले होते. काका बाहेर खुर्चीवर. खिडकीशी भर्रर्र झालं. काकूंची मान हलली, डोळे तिकडं गेले, ओठ थरथरले.

"आला," काकू म्हणाल्या.

वाटी ठेवून मी खिडकीपाशी गेले. बाहेर काका उभे राहिले होते. खिडकीच्या गजांना धरून, डोळे मिटून, जसं काही बाजाची पेटी ऐकतायत. मी बाहेर आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, कुणाला बोलू नका. नजर लागंल. लकव्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात हा आला आणि ती बोलली. एवढा एकच लफ्ज. पण रोज येतो तो लफ्ज. हा येत राहिला तर एखादे दिवशी दुसराही येईल. येईल ना?"

"येईल की, काका," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? सगळी गल्ली समजत होती की पेन्शन डोक्यात गेली म्हाताऱ्याच्या. आणि म्हातारा बायकोच्या तोंडातला एक शब्द जिवंत ठेवायला अळ्यांची हजेरी घेत होता.

पुढच्या साली पावसाळ्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. त्या महिन्यात जावई विष्णूच्या जागी, त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. काकांची मुलगी मंगल पुण्याला दिलेली. जावई श्रीकांतराव कारखान्यात इंजिनियर, स्वभावानं सोन्यासारखे, पण हात रिकामा बसत नाही असा माणूस. आले त्या दिवशी नळ दुरुस्त केला, संध्याकाळी दाराची कडी बदलली.

अनारशांचं माझ्याकडं होतं. मंगलचं लेकरू कडेवर, काकू अंथरुणावर, करणार कोण? तांदूळ भिजवून, कांडून, गुळात मळून पीठ मी मुरवत ठेवलं होतं. त्या सकाळी काका जावयाला आहेराचं धोतर घ्यायला गुलमंडीला गेले. मी काकांच्याच स्वयंपाकघरात कढईसमोर बसले. पहिला अनारसा तुपात हसला. आमच्याकडं अनारसा फुटून विरघळला की हसला म्हणतात, आणि करणारीला रडू येतं. मी दुसरा सोडला, तोही हसला. मी आणि मंगल त्या कढईत एवढ्या गुंतलो की अंगणातल्या कोयत्याकडं आमचं लक्षच नाही.

काका फाटकातून आत आले तेव्हा श्रीकांतराव घाम पुसत उभे होते. कण्हेर बुडापासून साफ. गुलबक्षी उपटून टाकलेली. पाचोळा झाडून, पाट भिंतीला टेकवून, सगळं हातगाडीवर भरून लांब पाठवलेलं. अंगण असं लख्ख की तिथं पंगत बसावी.

"मामा, कसं झालं?" जावई कौतुकानं म्हणाले. "कण्हेर विषारी असते, लेकरू खेळतं. आणि अळ्या तर काय एकेक! तुम्हाला ह्या वयात कुठं होणार होतं हे? म्हटलं, आपणच करून टाकू."

मी दारात उभी. काकांच्या हातात धोतराचा पुडा. त्यांनी बुडख्यांकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, मग जावयाकडं. धोंड्याच्या महिन्यात, आहेर हातात असताना, जावयाला कोण काय बोलणार?

"मेहनत झाली तुम्हाला," काका म्हणाले. "हातपाय धुवा. पान वाढलंय."

जेवताना त्यांनी स्वतःच्या हातानं जावयाला धोंडे वाढले, तूप वाढलं, अनारशांचं वाण दिलं, वाकून नमस्कार केला. मी जळत होते. हात धुवायला मागं आले तेव्हा मी फणफणले, "काका, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"सूनबाई," ते म्हणाले, "विष्णूनंच कोयता घेतला तर दरख्वास्त कुणाकडं द्यायची?"

मला हसू फुटलं आणि लगेच मी तोंड फिरवलं, कारण काका रडत होते.

संध्याकाळी खिडकीशी कुणी आलं नाही. काकूंची नजर गजांवरून हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. "कण्हेर चिवट असते, पुन्हा फुटेल," असं ह्यांनी सांगितलं, "पण ह्या मोसमात पतंगाचं काही खरं नाही." काका सकाळी सवयीनं अंगणात यायचे, उभे राहायचे, आणि कुणाचंही नाव न घेता आत जायचे. ती शांतता मला सहन व्हायची नाही. इतकी वर्षं अळ्यांच्या नावानं बोटं मोडली, आणि आता मीच भिंतीवरून वाकून बुडखे बघत होते, एखादा छोटे मियां राहिलाय का म्हणून.

जावई नि मंगल पुण्याला गेले. घर आणखी सुनं झालं. त्यानंतरच्या एका संध्याकाळी उरलेल्या पिठाचे अनारसे घेऊन मी फाटक ढकललं. हे अनारसे हसले नव्हते, जाळी छान पडली होती, आणि ते काकूंना दाखवायचे होते.

अंगणात पाऊल टाकलं आणि मी थबकले. भर्रर्र ऐकू आलं.

खिडकीखाली, कण्हेरीच्या बुडख्यांमध्ये, शेरवानी आणि काळी टोपी घातलेले त्र्यंबककाका गुडघे दुमडून बसले होते. हातात एक बारीक कामटी, कामटीला चिकटवलेला हिरवा कागद. तो कागद गजांपाशी धरून काका मनगट असं भराभरा हलवत होते की घामाच्या धारा लागलेल्या. मला बघून त्यांनी दुसऱ्या हातानं तोंडावर बोट ठेवलं. पतंग कागदाचा असतो म्हणून आमच्या ह्यांना ठणकावणारा माणूस! मी हसू दाबत तशीच आत गेले.

काकू जाग्याच होत्या. खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा, बाहेर अजून उजेड, आणि पडद्यावर हिरव्या पंखाची सावली थरथरत होती. हुबेहूब. फक्त सावलीच्या जरा खाली, अगदी ठळक, एक टोपी दिसत होती. टोपी वर व्हायची, सावध होऊन खाली जायची, पुन्हा वर व्हायची.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. तोंडाची एक बाजू लकव्यानं ओढलेली. दुसरी हसली. मग त्यांनी मान पडद्याकडं वळवली. ओठ जुळायला वेळ लागला. जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"आले," काकू म्हणाल्या.

'आला' नाही. 'आले'. पतंगाला आपल्याकडं कुणी 'आले' म्हणत नाही. सायकलची घंटी कोपऱ्यावर वाजली की भिंतीपलीकडून यायचा तोच शब्द होता, तेवढा खणखणीत नाही, पण तोच. मला रडू आवरेना. अनारशांचा डबा छातीशी धरून मी दाराला टेकून उभी राहिले.

बाहेरची भर्रर्र एकदम थांबली. कामटी खाली पडल्याचा आवाज आला. टोपीची सावली पडद्यावर सरळ उभी राहिली, आता लपायचं विसरलेली. मग कुणीतरी घसा साफ केला, आणि रोज सकाळी कण्हेरीसमोर ऐकू यायचा त्याच सुरात खिडकीतून उत्तर आलं.

"हाजिर," काका म्हणाले.